नावेतलं डोहाळजेवण

२४ नोव्हेंबर, रविवार

आज नाव पाण्यात उतरली आणि बुडाली नाही. खरं तर एवढं लिहिलं की आजचं काम झालं. पण जावईबापूंनी दिलेली डायरी इतकी जाड आहे की दोन ओळी लिहून मिटायला लाज वाटते. हिमांशू गोंदियाला भांड्यांच्या दुकानात बसतो. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "बाबूजी, नवा धंदा सुरू करून राहिले ना, तो रोज का रोज लिखते रहो." रोज काय लिहायचं? घडेल त्या दिवशी लिहीन.

चाळीस वर्षं मी पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले. तिरोडा तालुक्यात गोवर्धन रहांगडालेने ज्या गावात इंजिन उघडलं नाही असं गाव सापडायचं नाही. आता बोदलकश्याच्या तलावावर पक्षी पाहायला येणारे लोक आमच्या तलावाकडेही वळू लागले आहेत. त्यांना फिरवायला गावातल्या चैतरामचा छोटा लाकडी डोंगा होता, पण त्यात तीन माणसं बसली की चौथ्याने देवाचं नाव घ्यायचं. म्हणून मी ही लोखंडी नाव केली. पत्रा मीच कापला, वेल्डिंग मीच केलं. इंजिन माझ्याच शेतातल्या पंपाचं, पेट्रोलवर सुरू होणारं आणि रॉकेलवर चालणारं. वीस वर्षं धानाला पाणी पाजलं त्याने, आता म्हातारपणी तलावात फिरेल. बारा माणसं आरामात बसतात.

शकुंतला काठावर उभी राहून पाहत होती. तिला म्हटलं बस, तर म्हणाली, "आधी तुमी जाऊन या. परत आले तं बसते."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

नागपूरचे फोटोवाले आले होते. गळ्यात तोफेएवढे कॅमेरे. नाव वीस हात गेली नाही तोच त्यातला एक कानावर हात ठेवून ओरडला, "काका, बंद करा हो! सगळी बदकं उडाली!" परत काठावर आलो. त्यांनी चैतरामचा डोंगा घेतला. चैतराम माझ्याकडे पाहून हसला नाही, पण त्याच्या मिशा हसत होत्या.

आवाज कमी करायचा म्हणजे धूर लांबून फिरवायचा, हे कोणताही मिस्त्री सांगेल. नावेच्या मागच्या बाजूला तेलाचा जुना पिंप आडवा बसवला. इंजिनाचा धूर एका तोंडाने आत सोडला, दुसऱ्या तोंडातून मागे काढला. वरून जाड फळ्यांचा पाट ठोकला म्हणजे बसायची जागाही झाली. आवाज निम्म्यावर आला. हळू चालवली तर फक्त घुर्रर्र. चैतराम दोनदा चक्कर मारून पाहून गेला.

३ डिसेंबर, मंगळवार

पाट गरम होतो हे माझ्या आधी शकुंतलेच्या लक्षात आलं. सकाळी अशी थंडी की तलावावर वाफ तरंगते. ती चहाचा थर्मास घेऊन मागे जाऊन बसली आणि म्हणाली, "अजी, अठी तं चुलीपाशी बसल्यासारखं वाटते."

मी हात लावून पाहिला. खालच्या पिंपाची ऊब फळ्यांतून वर येत होती. अशी सोय कोणत्या नावेत असेल? आता म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना तिथेच बसवतो. मागून वारं लागू नये म्हणून तीन बाजूंनी ताडपत्री बांधून दिली. लोकांनी नावही ठेवलं, गरम पाट. नावेत चढताना पहिला प्रश्न तोच, "गरम पाट रिकामा आहे का?"

शकुंतलेची जागा मात्र ठरलेली. फेरीभर तिथे बसून चहा देते. मी तिला म्हटलं, राणीसाहेब झालीस. ती म्हणाली, "राणीचं डोकं दुखून राहिलं, घरी चला."

८ डिसेंबर, रविवार

आज पाच फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत गोंदियाचे एक रिटायर मास्तर गरम पाटावर चक्क झोपले. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, घरी रात्र रात्र झोप नाही आणि इथे पाहा. उतरताना मात्र मास्तरांचे पाय लटपटले आणि काठावर त्यांना उलटी झाली. नावेत बसण्याआधी दोन आलूबोंडे खाल्ले होते, तेही गाड्यावरचे. मी लिंबाचं पाणी दिलं. तासाभरात ठीक होऊन गेले.

चैतराम जवळ येऊन म्हणाला, "गोवर्धनभाऊ, त्या पाटावर बसलेला मानूस उतरतेवेळी डुलते. मी चार दिवस पाहून राहिलो."

"गरम जागी बसला का मानूस सुस्तावतेच. त्यात काय गा?"

"सुस्तावलेला मानूस उठला का चालते. हे चालत नाईत."

त्याच्या डोंग्याला आता गिऱ्हाईक नाही, हे मला कळतं. 

शकुंतलेचं डोकं रोज दुखतं. तिरोड्याच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि चष्म्याचा नंबर तपासा म्हणाले. गंमत म्हणजे गेल्या सोमवारी नाव बंद होती तेव्हा तिला काही झालं नाही. मी चिडवलं, "कामाचा दिवस आला का तुह्यं डोकं बरोबर दुखते." तिने थर्मास आपटला. 

१२ डिसेंबर, गुरुवार

कामठ्याला लेकीच्या सासरी जाऊन आलो. गुंजनला सातवा महिना लागला. लग्नानंतर पाच वर्षांनी हे दिवस आले. पाच वर्षं शकुंतलेने किती उपास केले त्याचा हिशेब तिलाच माहीत. गुंजनचा चेहरा भरला आहे. मला पाहून उठायला लागली तर मीच ओरडलो, बस, बस.

पौष लागायच्या आधी डोहाळजेवण करायचं ठरलं आणि तेव्हाच माझ्या डोक्यात आलं. शहरातले लोक नावेतलं डोहाळजेवण करतात तेव्हा पुठ्ठ्याची नाव करतात, निळ्या साडीचं पाणी करतात आणि फोटो काढतात. माझी तर खरी नाव खऱ्या पाण्यावर उभी आहे! मी म्हटलं, गुंजनचं डोहाळजेवण माझ्या नावेत.

विहीणबाईंचा चेहराच उतरला. "गरवार बाईले पान्यावर नेत नाईत जी."

"तलाव म्हंजे का समुद्र आहे? काठाकाठानं हळू फिरवतो. गरम पाट आहे, पोट्टीले थंडी लागनार नाई."

व्याही दुर्गाप्रसादजी हसले. म्हणाले, "मिस्त्री आदमी आहे, एवढी मेहनत केली, होऊ द्या."  गुंजन खाली पाहून हसत होती. लहानपणी ती माझ्या सायकलच्या दांडीवर बसून शेतात यायची, तेव्हा अशीच हसायची.

१९ डिसेंबर, गुरुवार

गुंजन आली. आता बाळंत होईपर्यंत इथेच. घर पुन्हा गजबजलं. रात्रीच्या जेवणात दोन भाज्या होत्या. नाव बंद ठेवली आहे, रंग देतो आहे. शकुंतलेचं डोकंही तीन दिवस दुखलं नाही. लेक आली की आईचं पित्त उतरतं, असं मी म्हणालो तर दोघी हसल्या.

२२ डिसेंबर, रविवार, सकाळ

आज डोहाळजेवण. पाटाभोवतीची ताडपत्री आतून सहा साड्यांनी झाकली. वरही साडी ताणली, झेंडूच्या माळा सोडल्या. आत गुंजन बसली की मखरात गौर बसवल्यागत दिसेल. इंजिन पहाटेच सुरू करून ठेवलं आहे, पाट तापायला हवा. मागून मंद वारं आहे, नाव आपोआप पुढे जाईल. हिमांशू आणि कामठ्याची मंडळी निघाली आहेत. बाकी संध्याकाळी लिहितो.

२३ डिसेंबर, सोमवार

डायरी ओटीच्या पिशवीत राहिली होती. गोंदियाच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितो आहे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. लिहून काय होणार.

काल नऊ वाजता नाव निघाली. पुढे विहीणबाई आणि आठ बायका, मागे गरम पाटावर गुंजन आणि तिच्याशेजारी शकुंतला. बायका गाणी म्हणत होत्या, म्हणून मी इंजिन अगदी हळू ठेवलं. एकेक बाई पुढून मागे यायची, ओटी भरायची, घास द्यायची आणि परत जायची. पाऊण तास गेला असेल. गुंजनच्या गालावर लाली आली होती. एक बाई म्हणाली, "पाहा वं, कसं तेज आलं पोट्टीच्या तोंडावर." मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

नंतर गुंजनने डोकं मागे टेकलं. सगळ्यांना वाटलं लाजली, कोणी म्हणालं थकली. विहीणबाईंनी हाक मारली, "गुंजन, घास घे वं." तिने तोंड उघडलं नाही. शकुंतला तिला हलवायला उठली आणि तिथेच गुडघ्यावर बसून ओकायला लागली. मी साडी फाडून आत गेलो. गुंजनचे डोळे अर्धे उघडे होते आणि ती मला पाहत नव्हती.

चैतरामने काठावरून उडी टाकून नाव काठाला ओढली. हिमांशूच्या गाडीतून गोंदियाला आणलं. वाटेत शकुंतला बोलायला लागली, गुंजन नाही.

इथे बोटाला चिमटा लावतात, त्यात आकडा दिसतो. गुंजनचा आकडा नव्व्याण्णव. नर्स म्हणाली, ऑक्सिजन चांगला आहे. मग पोट्टी डोळे काऊन उघडत नाही? एकाने बीपी पाहिलं, एकाने साखर पाहिली, मेंदूचा फोटो काढायचं बोलणं चाललं. मी प्रत्येकाच्या मागे हात जोडून फिरत होतो. हातात पाना असता तर काही करता आलं असतं. इथे माझ्या हाताला काही कामच नव्हतं.

दुपारी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी गुंजनला पाहिलं, मग शेजारच्या खाटेवर शकुंतलेला पाहिलं, मग मला विचारलं, "काका, दोघी एकत्र होत्या? घरात शेगडी होती का? बंद खोलीत गीझर?"

"नाई जी. मोकळ्या हवेत होत्या. तलावावर, नावेत."

"नावेला इंजिन आहे?"

मी सांगितलं. पिंप सांगितला, पाट सांगितला, ताडपत्री आणि साड्या सांगितल्या. सांगता सांगता माझाच आवाज मला परका वाटायला लागला.  मग त्या नर्सला म्हणाल्या, नाकातली नळी काढा, मोठा मास्क लावा, पूर्ण ऑक्सिजन. आणि रक्त तपासायला बाहेर पाठवलं.

मला त्यांनी कागदावर लिहून दिलं, कार्बन मोनॉक्साइड. म्हणाल्या, इंजिनाच्या धुरात असतो, याला रंग नाही, वास नाही. काळा धूर दिसतो ती काजळी, मारतं ते दिसत नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा हा घेतो आणि बोटाच्या चिमट्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आकडा चांगला येतो. नाव हळू चालली आणि वारं मागून असलं की धूर मागे जात नाही, पुढेच ओढला जातो, आणि वरून आडोसा बांधला तर तिथेच साचतो. मोकळ्या पाण्यावरही माणसं अशी जातात.

चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की विहिरीत इंजिन उतरवलं तर चालू असताना खाली जाऊ नका. एकदा दोन भाऊ गेले होते, मीच त्यांना वर काढायला मदत केली होती. विहिरीचं मला माहीत होतं. वर आभाळ उघडं असताना विहीर होते हे माहीत नव्हतं. माहीत नव्हतं हे खरं आहे, पण लिहून पाहिलं तर काही हलकं वाटत नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

गुंजन बोलली! सकाळी डोळे उघडून म्हणाली, "बाबूजी, तुमी जेवले का?" मी बाहेर जाऊन रडून आलो. दुपारी तिने खिचडी खाल्ली. शकुंतलाही उठून बसली. रिपोर्ट आला, डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खरं निघालं.

बाळाचे ठोके लागतात, पण हालचाल कमी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईच्या रक्तातून हा वायू लवकर निघतो, बाळाच्या रक्तातून फार हळू. आत्ता काढावं तर दिवस भरलेले नाहीत, ठेवावं तर वाट पाहायची. मोठ्या डॉक्टरांशी त्या फोनवर बोलत आहेत. पण माझी लेक उठून बोलली म्हणजे आता सगळं ठीकच होणार. आई ठीक तर बाळ ठीक.

मला आणि शकुंतलेला त्यांनी आणखी एक सांगितलं, ते लिहून ठेवतो. काकूंकडेही महिनाभर लक्ष द्या, विसरायला लागल्या किंवा वागण्यात फरक पडला तर लगेच घेऊन या. शकुंतला म्हणाली, "मले काय होते, मी तं तीन आठवडे तो धूर खाऊन राहिली होती." तिला हसू आलं, मला आलं नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार

सकाळी ठोके लागले नाहीत. दुसरं मशीन आणलं. तिसऱ्यांदा पाहिलं.

मुलगा होता. हिमांशूने आणि मी त्याला मातीत ठेवलं. केस खूप होते डोक्यावर.

३१ डिसेंबर, मंगळवार

गुंजन घरी आली आहे. सव्वा महिना इथे राहील, मग कामठ्याला. विहीणबाई काल येऊन गेल्या. अंगणातच बसल्या, आत आल्या नाहीत. "मी नाई म्हनली होती. गरवार बाई पान्यावर गेली, पान्यानं घेतलं. आता कोनाले बोलू?" असं म्हणून डोळ्यांना पदर लावला. पाच वर्षं त्यांनीही वाट पाहिली होती.

गुंजन आतून आली आणि म्हणाली, "आत्याबाई, माहीच चुकी झाली. मी सकाळपासून उपाशी होती, चक्कर येऊन राहिली होती, पन लाजेनं सांगितलं नाई."

विहीणबाई मग तिलाच बोलायला लागल्या. उपाशी काऊन राहिलीस, अक्कल काऊन नाही, पाच वर्षांनी दिवस गेले होते तर. गुंजन उभी राहून ऐकत होती. मी खांबाला टेकून उभा होतो.  पोरीला खरं ठाऊक नाही, डॉक्टरीणबाई माझ्याशीच बोलल्या होत्या, आणि आता मी बोललो तर ती मला कोणत्या डोळ्यांनी पाहील, एवढाच विचार करत राहिलो. मी भित्रा आहे. आजवर कोणी म्हणालं नव्हतं, आज मीच लिहितो.

त्या घरच्या माणसांचा राग लांब चालतो. मोठी सून टीना चिचगडची, तिच्या भावाचं आणि दुर्गाप्रसादजींचं लग्नात काही वाजलं होतं. सहा वर्षं झाली, तिला माहेरी पाठवलेलं नाही. तसं माणसं वाईट नाहीत. टीनाला घरात काही कमी नाही.

४ जानेवारी, शनिवार

नाव काठावर ओढून पाट उखडला. चैतराम न बोलावता आला आणि पहारीला हात लावला. ताडपत्री आतून काळी झाली होती. पिंपाच्या शिवणीला बोटभर फट पडली होती, तिथून सगळं वर येत होतं. फट नसती तरी मागच्या तोंडातून आलंच असतं, हे आता कळतं. धुराचा पाइप उंच न्यायचा होता, माणसांपासून दूर, आणि आडोसा बांधायचाच नव्हता. एवढं सोपं होतं. शाळेतला पोरगा करू शकेल.

चैतरामला म्हटलं, "तू सांगलं होतं." तो म्हणाला, "मले तरी कोठी ठाऊक होतं, भाऊ. मी तं पाहून राहिलो होतो फक्त." माझ्या मनात त्याच्याबद्दल काय काय आलं होतं ते त्याला सांगायची हिंमत झाली नाही.

त्या मास्तरांचा पत्ता काढून फोन केला. ठणठणीत आहेत. विचारत होते, "गरम पाट सुरू आहे ना?"

आज शकुंतलेने चहात मीठ टाकलं. मी पिऊन टाकला. दुःखात माणसाचं मन जागेवर नसतं.

९ जानेवारी, गुरुवार

आज गुंजनला सांगितलं. शकुंतला दुकानातून साखर आणायला गेली होती. गुंजन उन्हात बसून तांदूळ निवडत होती. मी समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं, पिंपापासून फटीपर्यंत. सांगताना तिच्या हाताकडे पाहत होतो. हात थांबले नाहीत.

"मले माहीत आहे, बाबूजी."

"कोनी सांगितलं?"

"डॉक्टर मॅडमनं. मी शुद्धीवर आली त्याच दिवशी. यांनाही माहीत आहे. मीच यांना घरी बोलू नका म्हनली."

"मंग सासूसमोर उपाशी होती म्हनून काऊन सांगितलं? कायले त्यांचं बोलनं खाऊन राहिली?"

तिने सूप बाजूला ठेवलं आणि माझा हात आपल्या गळ्यावर ठेवला. "तुमी कोनाले सांगाल नाई. शपथ आहे. काऊन ते इचारू नका."

बापाचं नाक वाचवण्यासाठी लेक अशी शपथ घालते. माझ्यासारख्याची अशी लेक! दिवसभर तिच्यासमोर जाता आलं नाही.

शकुंतला साखर न घेता परत आली. कशाला गेले होते तेच विसरले म्हणाली. गुंजन म्हणत होती, आईला एकदा दाखवून आणा. मी म्हटलं, तुझ्या काळजीने झालं आहे, तू हसायला लागली की ती ठीक होईल.

२६ जानेवारी, रविवार

लोक आले होते, नाव कधी सुरू करता विचारत होते. इंजिन काढून गोठ्यात ठेवलं आहे. शकुंतला आज दोनदा गुंजनला "बाळाचे कपडे उन्हात टाक" म्हणाली. गुंजन उठून मागच्या अंगणात गेली, बराच वेळ आली नाही. शकुंतला आपली शांत बसून होती. मला तिचा राग आला, मग रागाचीच लाज वाटली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज गुंजनला कामठ्याला पोचवून आलो.

अंगणात शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या. गुंजन सासूच्या पाया पडली. विहीणबाई म्हणाल्या, "आता पुढच्या टायमाले घरात बसजो. तुह्या नादानीनं गेलं ते लेकरू." गुंजन म्हणाली, "होजी." फक्त होजी. मान खाली घालून. शेजारणींपैकी एकीने जिभेने च्यक केलं.

मला ते च्यक सहन झालं नाही. गळ्याची शपथ होती, मोडली. म्हणालो, "तिची चुकी नाई. माही आहे." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कार्बन मोनॉक्साइड हा शब्दही सांगितला. गुंजनने एकदा "बाबूजी" म्हटलं, नंतर म्हटलं नाही.

दुर्गाप्रसादजींनी दोनच प्रश्न विचारले.

"धूर तुमच्या इंजिनचा?"

"होजी."

"पाट तुमी ठोकला?"

"होजी."

विहीणबाईंनी गुंजनला ओढून जवळ घेतलं. "मी दीड महिना तुले बोलून राहिली वं माय, तू काऊन आयकून राहिली?" असं म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवत रडायला लागल्या. शेजारणीही डोळे पुसत होत्या. मला वाटलं, झालं. उशिरा का होईना एक काम नीट झालं. पोरीवरचा डाग पुसला गेला.

दुर्गाप्रसादजी म्हणाले, "तुमी खरं बोलले, बरं केलं. पोट्टीचा दोष नाई, आता तिले अठी कोनी एक शब्द बोलनार नाई."  आवाज चढला नव्हता. "पन आमची सून आता तुमच्या घरी येनार नाई, गोवर्धनजी. ना सनाले, ना बाळंतपनाले. आणि तुमीही इकडे येऊ नका."

मी हिमांशूकडे पाहिलं. तो चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होता.

गुंजन फाटकापर्यंत आली. मला वाटलं बिलगेल. ती पदर सावरत म्हणाली, "बोलनं मी आयकून घेतलं असतं, बाबूजी. साल दोन सालात त्या थकल्या असत्या. म्हनून तं शपथ घातली होती." आणि टीना दारात उभी होती तिच्याकडे वळून आत गेली. टीनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

बसमध्ये बसलो. तिरोड्याला उतरायचं ध्यानात राहिलं नाही, कंडक्टरने उठवलं.

घरी आलो तर शकुंतला ओसरीवर बसली होती. तिने विचारलं, "काय म्हनाले जी ते लोक?"

"काही नाई. चहा पाजला."

"गुंजन कधी येनार?"

"उन्हाळा लागला का येईल."

तिने मान हलवली, उठून आत गेली. आत भांडी वाजली. थोड्या वेळाने हात पुसत परत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अजी, तुमी कामठ्याले गेले होते ना? गुंजन कधी येनार?"

मी परत सांगितलं, उन्हाळा लागला का येईल.